पुढच्या गावाला कोणीच कळवलं नाही

१८ मार्च १९२५, बुधवार. अमेरिकेतल्या मिसुरी, इलिनॉय आणि इंडियाना या तीन राज्यांतून त्या दुपारी एक टोर्नेडो गेला. तो साडेतीन तास जमिनीला टेकून होता आणि तेवढ्यात त्याने ३५२ किलोमीटर कापले. ६९५ माणसं मेली, दोन हजारांवर जखमी झाली, पंधरा हजारांच्या आसपास घरं गेली. अमेरिकेत एका टोर्नेडोने इतके बळी त्याआधी घेतले नव्हते आणि त्यानंतरही घेतलेले नाहीत.

मला या आकड्यांपेक्षा त्या दिवशीचं घड्याळ जास्त छळतं. पहिलं गाव सव्वा वाजता उद्ध्वस्त झालं. ज्या गावात सर्वांत जास्त माणसं मेली, तिथे वादळ पोहोचलं तेव्हा २ वाजून ३४ मिनिटं झाली होती. मध्ये एक तास एकोणीस मिनिटं गेली. शेवटच्या मोठ्या गावाच्या वाट्याला तर तीन तास होते. तारायंत्र होतं, टेलिफोन होते, रेल्वे होती, रेडिओसुद्धा होता. तरीही वाटेतलं प्रत्येक गाव गाफील सापडलं.

पुढच्या वेळा नंतरच्या काळात साक्षी आणि नोंदी ताडून बसवलेल्या आहेत. पाच-सात मिनिटं इकडेतिकडे धरावीत.

सकाळ

वायव्येकडून उतरलेलं कमी दाबाचं क्षेत्र मिसुरीच्या नैऋत्य अंगाला आलं होतं. दक्षिणेकडून मेक्सिकोच्या आखातावरची उबदार, दमट हवा वर सरकत होती. सरकारी हवामान खात्याच्या अंदाजात पाऊस आणि जोरदार, दिशा बदलणारे वारे एवढंच होतं. टोर्नेडोचं नाव नव्हतं, आणि ते असणंही शक्य नव्हतं.

याला इतिहास आहे. १८८० च्या दशकात अमेरिकी लष्कराच्या सिग्नल कोअरमधले जॉन फिनली यांनी शेकडो टोर्नेडोंच्या नोंदी गोळा केल्या आणि कोणत्या दिवशी कुठल्या टापूत धोका आहे याचे अंदाज बांधायला सुरुवात केली. १८८४ मध्ये त्यांचा प्रयोग चालू होता. त्यांचे अंदाज कच्चे होते, पण माणूस योग्य वाटेवर होता. काही वर्षांतच वरिष्ठांनी हे काम थांबवलं. असा इशारा दिला तर लोक घाबरून सैरावैरा पळतील आणि टोर्नेडोपेक्षा त्या घबराटीनेच जास्त नुकसान होईल, असं कारण दिलं गेलं. पुढे हवामान खातं लष्कराकडून नागरी प्रशासनाकडे आलं, तरी अंदाजात टोर्नेडोचा उल्लेख करायचा नाही हा दंडक कायम राहिला. १९२५ मध्ये रडार नव्हतं, वरच्या हवेची मोजमापं तुटपुंजी होती, हे मान्यच आहे. त्या सकाळी नेमका इशारा देणं कोणालाही जमलं नसतं. पण चाळीस वर्षं प्रयत्नच बंद ठेवले, म्हणून तो दिवस उजाडला तेव्हा कोणाच्याही हाताशी काही नव्हतं, हेही तितकंच खरं आहे.

सकाळची गाडी गेली, शाळा भरल्या, पुरुष खाणीत आणि रेल्वेच्या कारखान्यांत कामाला लागले, बायका घरी राहिल्या. आठवड्यातल्या कामाच्या दिवशी दुपारी घरातली माणसं जितकी पांगलेली असतात, तितकी एरवी कधीच नसतात. कोण कुठे सापडलं, ते त्या दिवशी यावरून ठरलं.

दुपारी १:०१, एलिंग्टन, मिसुरी

ओझार्कच्या डोंगराळ, झाडीच्या भागात वादळ जमिनीला टेकलं. इथे त्याने एका शेतकऱ्याचा जीव घेतला.

१:१५, अॅनापोलिस

खाणींच्या भागातलं छोटं गाव. काही मिनिटांत त्याचा बहुतेक भाग भुईसपाट झाला. शेजारच्या लीडाना या शिशाच्या खाणीच्या वस्तीचीही तीच गत झाली. मृतांचा आकडा इथे लहान राहिला. पण अख्खं गाव नाहीसं करणारं काहीतरी ईशान्येकडे निघालं आहे, हे या क्षणी कळण्यासारखं होतं. तारेचे खांब पडले होते. जे वाचले ते ढिगाऱ्यातून आपली माणसं काढत होते, आणि अशा वेळी दुसरं कोणी काय करणार? पन्नास मैलांवरच्या अनोळखी गावाची आठवण ठेवणं हे त्यांचं काम नव्हतं. हे काम कोणाचंच नव्हतं.

दोन वाजताच्या पुढेमागे, पेरी काउंटी

बीली, फ्रोना. जर्मन वंशाच्या शेतकऱ्यांची गावं, चर्चभोवती वसलेली, जिथे प्रत्येकाला प्रत्येकाची गुरं ओळखता येतात. ही माणसं आभाळ वाचणारी होती. वळवाचा ढग कुठला, गारांचा कुठला, घोडे कधी आत घ्यायचे, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. टोर्नेडो म्हणजे ढगातून लोंबणारी सोंड, हेही ठाऊक होतं. त्या दिवशी सोंड दिसलीच नाही. ढग इतका खाली आला होता आणि वादळाचा घेर इतका मोठा, कुठे कुठे मैलभर रुंद, की लांबून तो जमिनीवरून लोळत येणाऱ्या धुक्यासारखा दिसला. धूळ, पाऊस आणि उडालेला मलबा यांनी त्याला लपेटलं होतं. त्यात वेग सरासरी ताशी शंभर किलोमीटर. काहीतरी विचित्र आहे असं वाटेपर्यंत ते अंगणात येत होतं. ज्यांच्या घराखाली बटाटे आणि बरण्या ठेवायचं तळघर होतं, त्यांनाही तिथवर उतरायला सवड मिळाली नाही.

त्या काळच्या अमेरिकन खेड्यांत टेलिफोनची सामायिक तार असे. एकाच तारेवर दहा-पंधरा घरं. एकाची घंटी वाजली की सगळ्यांकडे वाजे, आणि शेजाऱ्यांचं बोलणं कान देऊन ऐकायची सवय सगळ्यांनाच असे. आग लागली, कोणी हरवलं, तर घंटी लागोपाठ वाजवायची खूण ठरलेली होती. मिनिटभरात सगळी आळी उंबऱ्यावर. अडचण अशी होती की ही तार आपल्या पंचक्रोशीपुरतीच होती. गावाच्या आत बातमी विजेसारखी धावायची, पण एका काउंटीने दुसऱ्या काउंटीला सावध करायची ना रीत होती, ना व्यवस्था.

अडीचच्या सुमारास, गोरहम, इलिनॉय

वादळाने मिसिसिपी नदी ओलांडली. पलीकडच्या काठावर गोरहम होतं, जेमतेम पाचशे वस्तीचं. गाव जवळपास पूर्ण गेलं. तीसहून जास्त माणसं मेली, आणि मेलेले व जखमी मिळून निम्म्याहून अधिक गाव होतं. पाचशे वस्तीच्या गावात निम्मी माणसं पडली की मदतीला धावणारा प्रत्येक जण स्वतःच कोणाला तरी शोधत असतो.

२:३४, मर्फिसबरो

इथून पुढे वादळाची वाट नकाशावर पट्टी ठेवून आखल्यासारखी सरळ आहे. किंचित उंचवट्याची एक जमिनीची पट्टी ईशान्येकडे जाते, तिच्यावर कोळशाच्या खाणींची गावं वसलेली होती. वादळ नेमकं त्या पट्टीवरून चाललं. कमी दाबाचं क्षेत्र आणि हे वादळ जवळपास एकाच चालीने पुढे सरकत होते, त्यामुळे त्याला लागणारी हवा तासन्‌तास मिळत राहिली. तो सबंध वेळ एकच टोर्नेडो होता की शेपटाला शेपूट लावून आलेले दोन-तीन, याची चर्चा अभ्यासक अजून करतात. मधला मोठा पल्ला एकाचाच, असं अलीकडच्या फेरतपासणीचं मत आहे.

मर्फिसबरो हे बारा हजारांच्या आसपास वस्तीचं रेल्वेगाव. मोबाइल अँड ओहायो रेल्वेचा कारखाना हा त्याचा पोशिंदा. २३४ माणसं या एका गावात मेली. एका टोर्नेडोने एका गावात घेतलेल्या बळींचा हा अमेरिकेतला सर्वांत मोठा आकडा आहे. कारखान्याच्या भिंती आत काम करणाऱ्यांवर कोसळल्या, शाळा कोसळल्या. त्यामागून आग आली. दुपारची वेळ, घरोघरी चुली आणि शेगड्या पेटलेल्या, त्यांच्यावर लाकडी घरं पडलेली. पाणीपुरवठ्याची यंत्रणा मोडल्यामुळे बंबांना पाणी नव्हतं. ढिगाऱ्याखाली जिवंत असलेली माणसं आहेत हे माहीत असताना आग त्यांच्याकडे सरकताना पाहणं, हे त्या गावाच्या वाट्याला आलं.

अॅनापोलिस पडल्याला एक तास एकोणीस मिनिटं झाली होती.

त्यानंतर काही मिनिटांत, डी सोटो

डी सोटो सहा-सातशे वस्तीचं. गावात एक शाळा, विटांची, वर मजला असलेली. लहान गावात शाळा एकच असते, म्हणून गावातल्या प्रत्येक घराचं तिथे काहीतरी असतं: कोणाचा मुलगा, कोणाची भाची, कोणाची धाकटी बहीण. वर्ग चालू होते. वादळ आलं आणि इमारतीचा वरचा भाग खाली आला. शाळेत ३३ जण मेले. अमेरिकेत टोर्नेडोने एका शाळेत इतके बळी कधीच घेतले नाहीत. गावातल्या मृतांची एकूण संख्या ६९, म्हणजे ढोबळमानाने दर दहा माणसांमागे एक.

सर्वांत आधी धावले ते आईबाप, आणि धावताना त्यांना स्वतःची घरंही जागेवर दिसत नव्हती. विटा उचलायला हात होते, ते गावातलेच होते. वीट बाजूला केल्यावर खाली सापडणारं मूल आपलं नसलं तरी नावानिशी ओळखीचं होतं. मोठ्या शहरात मृतांची ओळख पटवायला दिवस लागतात. इथे एका नजरेत पटत होती. एकमेकांना इतकं ओळखणं म्हणजे काय सोसावं लागतं, हे मला डी सोटोबद्दल वाचल्यावर पहिल्यांदा उमगलं.

दक्षिणेला काही मैलांवरचं कार्बनडेल वाचलं होतं. थोड्याच वेळात जखमींना तिकडे न्यायला सुरुवात झाली.

तीनच्या सुमारास, वेस्ट फ्रँकफर्ट

या गावाची गोष्ट उलटी आहे. इथे पुरुष वाचले.

आठशे खाणकामगार त्या वेळी जमिनीखाली पाचशे फुटांवर होते. वर काय चाललं आहे याचा त्यांना पत्ता नव्हता, खाली वारा नाही, आभाळ नाही, गडगडाट नाही. अचानक वीज गेली. दिवे बंद, पंखे बंद, वर-खाली नेणारा पिंजरा बंद. कोळशाच्या खाणीत वीज जाणं म्हणजे काय, हे त्यातल्या प्रत्येकाला कळत होतं. त्यांच्या मनात पहिला विचार स्वतःच्या जिवाचाच आला असणार: स्फोट झाला का? कुठे छत बसलं का? खाणकामगाराच्या घरात बायको रोज याच बातमीची धास्ती घेऊन असते. संकट खाली येतं आणि वरची माणसं वाट पाहतात, अशीच या धंद्याची रीत.

बाहेर पडायला एकच मार्ग उरला होता, आणीबाणीसाठी ठेवलेली एक अरुंद उभी विहीर. पाचशे फूट म्हणजे सुमारे पन्नास मजले. एकामागे एक, पुढच्याचे बूट डोळ्यांसमोर आणि मागच्याचा श्वास पाठीवर, अशी आठशे माणसं त्या वाटेने वर चढली. पुढचा थकून थांबला तर मागची सगळी रांग थांबणार. वर पोहोचल्यावर जे दिसलं ते त्यांच्यातल्या कोणाच्याही कल्पनेत नव्हतं. गावाच्या ज्या अंगाला खाणकामगारांची घरं होती, त्याच अंगावरून वादळ गेलं होतं. ज्या घरांकडे ते निघाले होते त्यांतली कितीतरी घरं उरली नव्हती. गावात मेलेल्यांचा आकडा दीडशेच्या घरात गेला, आणि त्यात बहुतेक बायका आणि मुलं होती.

याच गावात ओल्ड बेन खाणीवर हवेचा दाब नोंदवणारं यंत्र चालू होतं. त्याच्या कागदावरची रेघ वादळ जाताना खाली कोसळली आणि परत वर आली. त्या प्रवासात दाबाची जी मोजणी शास्त्राच्या हाती लागली, ती ही.

लगेच पुढे, पॅरिश

वेस्ट फ्रँकफर्टच्या पूर्वेचं चिमुकलं खाणगाव. वीसहून जास्त माणसं गेली, आणि बोटांवर मोजण्याइतक्या इमारती उभ्या राहिल्या. मर्फिसबरो पुन्हा उभं राहिलं, वेस्ट फ्रँकफर्टही राहिलं. पॅरिश पुन्हा गाव म्हणून नीट उभं राहिलंच नाही. वाचलेली माणसं नातेवाइकांकडे, दुसऱ्या खाणींवर, जिथे रोजगार मिळेल तिथे निघून गेली. मृतांच्या यादीत एखाद्या गावाचं नाव लिहायची सोय नसते.

सव्वातीन ते चार, मोकळी शेतं

हॅमिल्टन आणि व्हाइट या काउंटींमध्ये मोठी गावं नाहीत, म्हणून या पाऊण तासाबद्दल फार लिहिलेलं सापडत नाही. पण याच टप्प्यात साठहून जास्त माणसं मेली. एका घरात तिघं, पुढच्या शेतावर दोघं, असं करत. शेतावरचं घर एकाकी, मदतीला येणारा शेजारी मैलभर लांब, आणि त्याचंही घर त्याच वाटेवर. इथे कोणाला किती वेळाने शोधलं असेल, याचा विचार करवत नाही.

चार वाजता, ग्रिफिन, इंडियाना

वॉबॅश नदीच्या सखल काठावरचं शेतकऱ्यांचं गाव. शाळा सुटून मुलं घरी निघाली होती. काही मुलं वाटेतच गाठली गेली. दीडशेच्या आसपास घरांच्या या गावात धड उरलेलं घर शोधावं लागलं. अॅनापोलिस पडून पावणेतीन तास झाले होते. एवढ्यात मुलांना शाळेतच थांबवता आलं असतं, तळघरात नेता आलं असतं, हे आज घरात बसून म्हणणं सोपं आहे, हे मी जाणतो. तरीही म्हणतो. पावणेतीन तास हा थोडा वेळ नव्हे.

४:१८, प्रिन्स्टन

निम्मं गाव गेलं, ४५ माणसं मेली. हाइन्झच्या कारखान्याचंही मोठं नुकसान झालं.

४:३०

प्रिन्स्टनच्या ईशान्येला पंधरा-सोळा किलोमीटरवर वादळ विरलं.

रात्र

आता बातमी धावू लागली. शिकागो, सेंट लुइस इथून डॉक्टर, परिचारिका, औषधं घेऊन खास गाड्या निघाल्या. रेड क्रॉस आला, तंबू आले, ब्लँकेटं आली. शिकागोच्या डब्ल्यूएलएस रेडिओ केंद्राने श्रोत्यांना मदतीचं आवाहन केलं आणि दोन लाख डॉलरहून जास्त निधी जमवला. १९२५ च्या हिशेबाने ही प्रचंड रक्कम होती, आणि ती साध्या माणसांनी नाण्या-नोटांनी भरली. त्या माणसांच्या चांगुलपणाबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण ज्या हवेतून हे आवाहन शेकडो मैलांवर पोहोचलं, त्याच हवेतून दुपारी काहीच सांगितलं गेलं नव्हतं. सांगायला कोणाच्या हातात माहितीच नव्हती. माहिती होती ती मोडलेल्या गावांत, आणि तिला बाहेर काढणारी तार तुटली होती. मर्फिसबरोची तार बोलेनाशी झाली, एवढीसुद्धा खूण पुढच्या गावाला पुरली असती, जर गप्प पडलेल्या तारेचा अर्थ लावणं हे कोणाचं तरी नेमून दिलेलं काम असतं.

पुढच्या दिवसांत या गावांनी आपली माणसं पुरली. जिथे गावातलं जवळपास प्रत्येक घर सुतकात होतं, तिथे सांत्वनाला कोण कोणाकडे गेलं असेल?

२५ मार्च १९४८, दुपारी २:५०, ओक्लाहोमा

तेवीस वर्षांनंतर. टिंकर हा हवाई दलाचा तळ. पाचच दिवसांपूर्वी एका टोर्नेडोने इथल्या विमानांचं मोठं नुकसान केलं होतं, आणि तळप्रमुखांनी हवामान विभागाला विचारलं होतं की याचा अंदाज देता येईल का. अर्नेस्ट फॉबुश आणि रॉबर्ट मिलर या दोन अधिकाऱ्यांनी जुने नकाशे चाळले, टोर्नेडोच्या दिवशी हवेची मांडणी कशी असते ते ताडून पाहिलं. २५ तारखेच्या सकाळी नकाशावर तीच मांडणी उमटली. दुपारी २:५० ला त्यांनी लेखी इशारा दिला. विमानं आत घेतली गेली, माणसं सुरक्षित जागी हलवली गेली. संध्याकाळी सहाच्या सुमारास टोर्नेडो खरोखरच तळावर आला. मालमत्तेचं नुकसान झालं, माणूस एकही गेला नाही. इशारा आणि वादळ यांच्यात तीन तासांहून अधिक वेळ होता, जवळजवळ अॅनापोलिस ते प्रिन्स्टन होता तेवढाच.

नागरी हवामान खात्याने अंदाजात टोर्नेडोचा उल्लेख करण्यावरचं बंधन १९५० मध्ये पूर्ण उठवलं. सर्वसामान्य लोकांसाठी टोर्नेडोचा पहिला सार्वजनिक इशारा या खात्याने मार्च १९५२ मध्ये दिला. हवाई दलाच्या विमानांना तो चार वर्षं आधी मिळाला होता.